भेट झाली, सर्व ठीक

“दार तीनदा वाजवायचं,” मोहराएल तासोनी सांगत होती. “चारदा नाही. चौथ्यांदा वाजवतो तो विजेचं मीटर बघणारा. तीनदा, आणि दोन थापांच्या मध्ये एक श्वास सोडायचा. मग दोन पावलं मागं सरायचं, म्हणजे आतल्या बाईला फटीतून तुमचं तोंड दिसेल.”

बाकांवरच्या बावीस मुली खिदळल्या. दरवर्षीच्या मुली याच जागी खिदळतात. मल्लवी गावच्या चर्चमध्ये सेविका होऊ पाहणाऱ्या मुलींचा वर्षभराचा तयारीवर्ग चालतो. शास्त्र शिकवायला अबूना, म्हणजे चर्चचे पाद्री, येतात, स्तोत्रं शिकवायला एक आंधळे म्हातारे येतात, आणि हातापायांनी करायचं जे काम असतं ते सगळं मोहराएल शिकवते. सहलीच्या बसमध्ये मुलीला चक्कर आली तर काय करायचं, सोळा वर्षांची पोर रडायला लागली की आपण किती वेळ गप्प बसायचं, बापाने मारलंय हे वळ न बघता कसं ओळखायचं. अबूनांचे धडे मुली परीक्षेपुरते पाठ करतात. मोहराएलचे जन्मभर पुरतात. तासोनी म्हणजे ताई, आणि तिच्या हाताखालून गेलेल्या बायका स्वतः आया झाल्या तरी तिला तासोनीच म्हणतात.

“दोघी-दोघींनी जायचं. एकटीनं कधीच नाही. घरात नुसता बाप असेल तर उंबऱ्यावरूनच बोलून परतायचं. पहिला चहा नाकारायचा नाही, दुसरा घ्यायचा नाही. आणि मुलगी शुक्रवारच्या वर्गाला का आली नाही, हे सगळ्यात शेवटी विचारायचं. आल्या आल्या विचारलंत तर तुम्ही सेविका नाही, हवालदार.”

“आणि कार्ड, तासोनी?” पुढच्या बाकावरून नार्दिनने विचारलं. ही नार्दिन बोलघेवडी, हजरजबाबी, आणि मोहराएलची मनातून लाडकी.

“कार्ड बाहेर पडल्या पडल्या लिहायचं. त्याच गल्लीत, उभ्यानं. आणि जिथं गेला नाहीत…”

इथे मोहराएल थांबली. दरवर्षी इथेच थांबते. मुलींना वाटतं घसा सुकला. तिने टेबलावरचं पाणी घेतलं, घोटभर प्यायली आणि म्हणाली, “तिथं कोरं ठेवायचं.”

गैरहजर मुलीच्या घरी जाऊन विचारपूस करणं, याला तिथल्या ख्रिस्ती लोकांत इफ्तिकाद म्हणतात आणि सेवेचं निम्मं पुण्य त्यात असतं असं मानतात. प्रत्येक मुलीच्या नावाचं एक कार्ड. दर गुरुवारी गैरहजर मुलींची कार्डं सेविकांच्या हाती जातात, शुक्रवारी परत येतात. वर्ष संपलं की नवी कार्डं होतात आणि जुनी नावं तशीच्या तशी त्यांवर उतरतात. मुलगी लग्न होऊन गेली, गाव सोडलं, मेली, काहीही झालं तरी तिचं नाव आपोआप गळत नाही. जी सेविका त्या घरी प्रत्यक्ष जाईल, बसेल, प्रार्थना करेल, तिनेच लाल शाईने नावावर रेघ मारायची. हा नियम जुना आहे, आणि मोहराएल तो फार कडक पाळते.

म्हणून फेब्रोनिया घत्तासचं कार्ड अजून होतं. एकोणीस वर्षं झाली. दरवर्षी मोहराएल नव्या कार्डावर ते नाव स्वतःच्या हाताने उतरवायची, पत्ता लिहायची, पिठाच्या गिरणीमागची गल्ली, हिरवं दार, आणि कार्ड पेटीत न टाकता आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात सारायची. रेघ मारायला त्या घरी जावं लागलं असतं. एक खोटं तिने लिहिलं होतं, दुसरं लिहायची छाती नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ तिला झोपू देत नव्हती.

मूठ खरीच दुखायची. दर गुरुवारी, असरची म्हणजे तिसऱ्या प्रहरची बांग झाली की उजव्या हाताची मधली दोन बोटं सांध्यात ठणकायला लागायची ती दिवेलागणीपर्यंत. औषधाच्या दुकानातला नसीम म्हणायचा, तासोनी, वात आहे. मलम द्यायचा. वाताला वार कळतो का, हे तिने त्याला कधी विचारलं नाही.

त्या वर्षी तूबा महिन्यात, ऐन थंडीत, तिची बहीण अस्यूतला बाळंत झाली आणि मोहराएलला चार दिवस तिकडे राहावं लागलं. जाताना प्रार्थनेचं पुस्तक चर्चच्या कचेरीत टेबलावर राहिलं. कचेरीत वदीअ नावाचा नवा कारकून आला होता, अतिशय टापटिपीचा माणूस. अशी माणसं देवाने का निर्माण केली कोण जाणे. त्याला पुस्तकातून कार्डाचं टोक बाहेर आलेलं दिसलं. पेटीतलं कार्ड चुकून इथे राहिलंय असं त्याला वाटलं, आणि त्याने ते गुरुवारच्या गठ्ठ्यात लावून दिलं. तयारीवर्गाच्या मुलींचा तो पहिला गुरुवार होता.

मोहराएल शुक्रवारी पहाटेच्या गाडीने परतली. काल बोटं दुखली नव्हती, हे तिच्या गाडीत लक्षात आलं. अस्यूतची हवा मानवली असेल, तिने मनाशी म्हटलं.

मिस्साची प्रार्थना आटोपली, मुलींनी अंगणात फूल नावाची घेवड्याची उसळ आणि तामियाचे वडे खाल्ले, आणि वर्गातल्या टेबलावर कार्डांचा गठ्ठा तिच्यापुढे आला. ती एकेक वाचत गेली. ‘आजी आजारी, मुलगी घरकाम करते.’ ‘दार उघडलं नाही, पुन्हा जाणार.’ मग एक कोरं. शाबास, तिने कोऱ्या कार्डाला मनातून म्हटलं. मग पुढचं कार्ड वर आलं.

फेब्रोनिया घत्तास. वर अक्षर तिचं स्वतःचं. खाली निळ्या शाईत, नार्दिनच्या गोल अक्षरात: भेट झाली. सर्व ठीक. शुक्रवारी येते म्हणाली.

 एकोणीस वर्षांपूर्वी, कार्डांऐवजी वही असायची तेव्हा, मोहराएलने त्या वहीत हेच लिहिलं होतं, याच क्रमाने, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. त्या गुरुवारी सात घरं झाली होती, आठवं फेब्रोनियाचं. गल्लीत चिखल होता, नवे बूट चावत होते. उद्या जाऊ म्हणून तिने गल्लीच्या तोंडाशीच वही उघडली आणि लिहून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, फेब्रोनिया आलीच. पांढऱ्या पेटीत, चौघांच्या खांद्यावर. गुरुवारी संध्याकाळी न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरने तिचा जीव घेतला होता. खिडकी थंडीमुळे बंद होती. सोळा वर्षांची होती.

अंगणाचं दार करकरलं तशी मोहराएलने दचकून मान वर केली. तिघी मुली पाण्याचा जग घेऊन आत आल्या. तिने त्यांचे चेहरे एकेक करून पाहिले. मग दार पुन्हा करकरलं, आणि तिने पुन्हा पाहिलं. आज शुक्रवार होता. चोराच्या मनात चांदणं असतं हे खरं, पण त्या सकाळी तिला चांदण्याची नव्हे, ओल्या केसांच्या एका पोरीची भीती वाटत होती, आणि ती भीती इतकी खरी होती की तिने उठून दाराला कडी लावली.

“नार्दिन, इकडे ये.”

आत बाकावर बसलेली नार्दिन हसत आली. हात तिने शालीत गुंडाळले होते.

“ह्या घरी गेलीस तू?”

“गेले ना.”

“कोणाबरोबर?”

“रिफ्काला ताप होता, तासोनी. मग मी एकटीच. रागावू नका, पुढच्या वेळी नाही जाणार एकटी.”

“मुलगी भेटली?”

“भेटली की.”

“कशी होती?”

“कशी म्हणजे… बारीकशी. बरी होती.” नार्दिनने डोळे छताकडे नेले. “केस ओले होते तिचे. नुकतीच न्हाऊन आल्यासारखी.”

मोहराएलने टेबलाची कड धरली. 

“कोणते केस? कोणी सांगितलं तुला केसांचं?”

“तासोनी, काय झालं? असं काय बघताय?”

“नार्दिन, ही मुलगी मेलीय. तू जन्मलीस त्याच्या आसपास मेली.”

पोरीचं हसू विरलं. ती आधी पांढरी पडली, मग लाल, आणि मग टेबलाशी गुडघे टेकून हमसून रडायला लागली.

“मी गेलेच नाही. देवाशपथ गेले नाही, तासोनी. गल्लीच्या तोंडाशी कुत्रं होतं, मी एकटी होते, आणि… उद्या जाऊ म्हटलं. बहुतेकींची कार्डं भरली होती, माझं कोरं राहिलं असतं.”

“मग ते केस?”

“माहीत नाही. तुम्ही विचारलंत, काहीतरी सांगायचं म्हणून तोंडात आलं. खरंच माहीत नाही कुठून आलं.”

मोहराएलला राग आला, आणि तो चांगलाच आला. हिला आत्ताच्या आत्ता वर्गातून काढते, असं मनात म्हणून तिने तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तिला दिसलं की रडता रडता नार्दिन शालीतून बाहेर काढलेला उजवा हात डाव्याने चोळतेय.

“हाताला काय झालं?”

“थंडीनं असेल. कालपासून दोन बोटं दुखतायत.”

“काल कधीपासून?”

“असरनंतर.”

मधली दोन बोटं होती. सांधे लालसर. मोहराएलने तो हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तिला सगळं एकदम कळलं असं नाही. एवढंच कळलं की तिचं एकोणीस वर्षांचं दुखणं काल तिला सोडून गेलं ते या एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हाती जाऊन बसलं, आणि आज आपण गप्प राहिलो तर ते तिथेच राहील. ही पोर पुढे सेविका होईल, शहाणी होईल, इतरांना शिकवेल, आणि दरवर्षी एका वाक्यावर थांबून पाणी पिईल.

“डोळे पूस,” ती म्हणाली. “चप्पल घाल.”

“कुठं?”

“कार्ड घे तुझं. दोघी जाऊ. इफ्तिकाद दोघींनीच करायचा असतो.”

गिरणीमागच्या गल्लीत कुत्रं होतं, पण म्हातारं होतं, त्याने डोळासुद्धा उघडला नाही. गल्ली आता दगडांनी बांधून काढली होती. चालताना मोहराएलने नार्दिनला सगळं सांगितलं. वही, बूट, आठवं घर. आणि त्याहून वाईट होतं ते पुढचं. दफनाच्या वेळी तेव्हाच्या म्हाताऱ्या अबूनांनी ती वही हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं होतं की लेकरू एकटं नव्हतं, असरला तासोनी तिला भेटून गेली होती, तेव्हा सर्व ठीक होतं. आई ते ऐकत होती. त्या दिवसानंतर मोहराएलने त्या बाईला टाळलं, इतकं की गेल्या वर्षी तिचा नवरा घत्तास वारला तेव्हा सांत्वनालाही ती गेली नाही. बाकीच्या सेविका जात नव्हत्या, कारण ते घर मोहराएलचं आहे असं सगळ्या धरून चालल्या होत्या.

“ती तुम्हाला काय विचारेल?” नार्दिनने हळूच विचारलं.

“माझ्या मुलीनं शेवटचं काय म्हटलं, हेच विचारेल. दुसरं काय विचारणार? तिला वाटतंय मला माहीत आहे.”

“मग सांगा ना काहीतरी चांगलं. म्हातारीला बरं वाटेल.”

“मघाशी तू माझ्याशी तेच केलंस.”

हिरव्या दाराचा रंग उडाला होता. मोहराएलने हात उचलला आणि तो हवेतच राहिला. शेकडो मुलींना तिने दार वाजवायला शिकवलं होतं. मग तिने वाजवलं. एक. श्वास. दोन. श्वास. तीन. दोघी दोन पावलं मागे सरल्या.

वरून, गच्चीच्या कठड्यावरून, एक काळं वस्त्र पांघरलेली म्हातारी वाकून बघत होती. पिठाने माखलेले हात तिने कठड्यावर टेकले होते.  बघत राहिली, मग दिसेनाशी झाली, आणि जिन्यावर तिची पावलं एकेक करत खाली आली.

“आलीस,” दार उघडून उम्म फेब्रोनिया म्हणाली.

उम्म म्हणजे आई; मुलगा झाला नाही म्हणून गल्ली तिला मुलीच्या नावाने हाक मारायची, आणि मुलगी गेल्यावरही तेच नाव राहिलं. तिने दोघींना दिवाणखान्यात बसवलं, चहा आणला. काळा, उपवासाचा, साखर वाटेल तेवढी. भिंतीवर फेब्रोनिया शाळेच्या गणवेशात होती. नार्दिनने त्या फोटोकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

“उम्म फेब्रोनिया,” मोहराएल म्हणाली. पेला तिने खाली ठेवला. “मी त्या गुरुवारी आले नव्हते. वहीत लिहिलं ते खोटं होतं. गल्लीच्या तोंडापासून परत गेले. तुमच्या मुलीला मी भेटलेच नाही, आणि तिनं मला काही सांगितलं नाही. एकोणीस वर्षं तुम्हाला फसवलं.”

म्हातारीने पेल्यातली साखर ढवळली.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“मी गच्चीवर होते ना गं. उन्हात ठेवलेल्या शम्सी भाकऱ्या फुगल्या होत्या, भट्टी पेटली होती. असरपासून अंधार पडेपर्यंत वरच होते. तिथून आख्खी गल्ली दिसते. दिसलीस की मला आत्ता येताना! त्या दिवशी कुणी आलं नाही. एक माणूस आलं नाही.”

“मग अबूनांनी वाचलं तेव्हा तुम्ही…”

“गप्प बसले.” म्हातारीने पहिल्यांदा मोहराएलच्या डोळ्यांत पाहिलं. “तू लिहिलंस असरला पोर ठीक होती, म्हणून सगळ्यांना वाटलं, गेली ती घटकाभरात गेली. घत्तासनं मला कधी विचारलं नाही की बाई, दोन-अडीच तास पोर खाली काय करतेय हे तू एकदा तरी बघायचं नाही का. दार वाजलं असतं तर मी उतरले असते. वाजलं नाही. आणि आपणहून मी उतरले नाही, माझ्या भाकऱ्या होत्या. तुझ्या खोट्याखाली मी पण लपले, पोरी. तो होता तोवर बोलायची सोय नव्हती.”

मोहराएल रडायला लागली. म्हातारी रडली नाही. तिचं रडून झालं असावं. तिने फक्त चहाची तबकडी पुढे सरकवली.

“पण थाप यायची,” ती म्हणाली.

“कसली थाप?”

“गुरुवारी. असर झाली की. तीन थापा, मध्ये मध्ये थांबून. मी गच्चीवरून बघायची, दाराशी कुणी नाही. उतरून उघडायची, कुणी नाही. घत्तासला ऐकू यायची नाही, तो म्हणायचा तुला वेड लागलंय. मला कळायचं. ही ती भेट आहे, म्हटलं. राहिलेली. बिचारी दर आठवड्याला येते आणि तिच्याबरोबर माणूसच नसतं.”

नार्दिन मोहराएलला चिकटून बसली.

“काल मात्र वेगळीच होती,” म्हातारी पुढे म्हणाली. “इतकी वर्षं थाप जड असायची, मोठ्या बाईची. काल हलकी वाजली. कोवळ्या हाताची. मला भीती वाटली गं. म्हटलं, आता हे कुणाच्या पोरीच्या मागं लागलं?”

 मग नार्दिनने आपला उजवा हात पुढे केला, शिक्षा घ्यायला करतात तसा. म्हातारीने तो पिठाच्या हातांनी धरला, दोन बोटांवरून अंगठा फिरवला आणि त्या बोटांचं चुंबन घेतलं.

“तू कशाला घेतलंस हे अंगावर? तुझं वय आहे का?” ती म्हणाली, आणि आता मात्र तिचे डोळे भरले.

तिघींनी उभ्याने प्रार्थना केली. निघताना मोहराएलने पिशवीतून लाल पेन काढलं. एकोणीस वर्षं ते पेन त्या एका रेघेसाठी सांभाळल्यासारखं तिच्याजवळ होतं.

“उम्म फेब्रोनिया, आता नाव खोडते. मी आले, बसले. नियमानं खोडता येतं.”

“खोडू नको.”

“का?”

“घत्तास गेल्यापासून ती थापच तेवढी माझ्या दाराशी यायची.” म्हातारीने दाराची कडी धरली होती. “आता ती पण यायची नाही. नाव खोडलंस की तुम्ही पण यायच्या नाही. तुमच्या पेटीत माझ्या घराचं एक कार्ड असू दे.”

मोहराएलने पेन पिशवीत टाकलं.

“गुरुवारी येते,” ती म्हणाली.

“हे तू मागं पण लिहिलं होतंस, की शुक्रवारी येते म्हणाली,” म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. तिने दार लावून घेतलं.

बाहेर, त्याच गल्लीत, नार्दिनने कार्ड भिंतीला टेकवलं. कालची ओळ तिने खोडली आणि खाली नवी लिहिली: भेट झाली. मग ती थांबली.

“तासोनी, ‘सर्व ठीक’ लिहू?”

“नको. त्याला वेळ आहे.”

नार्दिनने तारीख घातली, कार्ड खिशात ठेवलं आणि हात झटकून पाहिला. बोटं मोडली, उघडली, मिटली.

“दुखायची थांबली,” ती आश्चर्याने म्हणाली.

मोहराएलने आपली उजवी मूठ शालीखाली आवळली. मधली दोन बोटं ठणकत होती. आज गुरुवार नव्हता आणि असरही झाली नव्हती. तिने देवाचे आभार मानले आणि मुलीला घेऊन चालू लागली.